वडिलांच्या नावावरच्या घराचा हप्ता मी भरतो. प्राप्तिकरात वजावट कोणाला?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील शिक्षक होते आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, म्हणजे २०१९ मध्ये, त्यांनी नाशिकला फ्लॅट घेतला. मी तेव्हा बंगळुरूला होतो, नोंदणीच्या दिवशी येणे जमले नाही, आणि त्यामुळे करारनामा एकट्या वडिलांच्या नावाने झाला. कर्ज ३० लाखांचे आणि वीस वर्षांच्या मुदतीचे होते. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाला ते एकट्याच्या नावावर द्यायला बँक तयार नव्हती, म्हणून मला सहकर्जदार करून घेतले. वडील निवृत्त झाल्यापासून दरमहा सुमारे २६,००० रुपयांचा हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जातो. घरात आई-वडील राहतात. मी पुण्यात भाड्याने राहतो.

आधीच्या कंपनीत २०२३-२४ या आर्थिक वर्षासाठी मी बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र जोडले होते. कोणीही काही विचारले नाही आणि २ लाखांची वजावट मिळाली. पुढच्या वर्षी नोकरी बदलली, तेव्हा नवी करपद्धती (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आपोआप लागू झाल्याने प्रश्नच आला नाही. यंदा, म्हणजे २०२५-२६ साठी, मी मुद्दाम जुनी पद्धत निवडली आणि या जानेवारीत फॉर्म १२बीबीबरोबर (कंपनीला वजावटींचा तपशील देण्याचा नमुना) प्रमाणपत्र दिले. त्यात वर्षाचे व्याज सुमारे २ लाख १३ हजार आणि मुद्दल ९९ हजार दाखवली आहे. लेखा विभागाने इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) मागवला आणि तो पाहून दावा नामंजूर केला. आठव्या रकान्यात, ‘दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव’ या मथळ्याखाली, फक्त वडिलांचे नाव आहे, एवढेच कारण त्यांनी दिले.

माझा प्रश्न असा, की कर्जाच्या कागदांवर माझे नाव आहे, पैसे माझ्या खात्यातून जातात आणि प्रमाणपत्रावरही दोघांची नावे आहेत. तरीही वजावट मिळत नसेल तर ती जाते कुठे? वडिलांचे निवृत्तिवेतन वर्षाला साधारण ४ लाख ५६ हजार असल्याने त्यांना कर मुळात लागतच नाही. माझा पगार १६ लाख आहे, घरभाडे भत्त्यातील करमुक्त रक्कम सुमारे १ लाख ५२ हजार येते आणि कलम ८०सीची (ठरावीक बचती आणि गृहकर्जाची मुद्दल यांवरची वजावट) दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधीतूनच भरते.

कर्जविभाग_निवृत्त

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून एवढेच स्पष्ट करतो, की सहकर्जदार आणि सहमालक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि बँकेला त्यांपैकी पहिलीशीच अधिक कर्तव्य असते. सर्व सहमालकांनी कर्जावर सही करावी असा आग्रह बँका धरतात, कारण उद्या एखादा मालक उठून ‘माझा हिस्सा मी गहाण ठेवलेलाच नाही’ असे म्हणू शकतो. पण उलट दिशेने, प्रत्येक सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असा आग्रह त्या धरत नाहीत. तुमचे उत्पन्न जोडून कर्जाची पात्रता वाढवली आणि फेडीची जबाबदारी तुमच्यावरही टाकली, एवढाच तुमच्या सहीचा अर्थ. व्याजाच्या प्रमाणपत्रावर संगणक सर्व कर्जदारांची नावे छापतो. मालक कोण हे तो कागद सांगत नाही आणि सांगण्याचा त्याचा हेतूही नसतो.

हिशेबी

एक मार्ग सुचवतो. वडिलांशी भाडेकरार करा, त्यांना दरमहा भाडे द्या आणि घरभाडे भत्त्याची सूट घ्या. वडिलांकडे ते भाड्याचे उत्पन्न होईल, त्यातून ३० टक्के प्रमाण वजावट आणि संपूर्ण व्याज वजा होईल. आमच्याकडे अनेक जण हे करतात.

सनदी_लेखापाल_सातारा

हिशेबी यांनी सांगितलेली व्यवस्था मुलगा खरोखर वडिलांच्या घरात राहत असेल तर कायदेशीर आहे. भाडे बँकेतून दिलेले असावे, ते वर्षाला एक लाखाच्या वर गेल्यास वडिलांचा पॅन कंपनीला द्यावा आणि वडिलांनी ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे. परंतु येथे प्रश्नकर्ते पुण्यात राहतात आणि घर नाशिकला आहे. पुण्याच्या कार्यालयात रोज हजर असणाऱ्या माणसाने नाशिकच्या घराचे भाडे दाखवणे म्हणजे खोटा दावा होय, आणि ‘अनेक जण करतात’ हे उत्तर कर अधिकाऱ्यासमोर चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. गृहकर्जावरील व्याजाची वजावट आपण सैलपणे ‘कर्जाची सवलत’ म्हणतो आणि गैरसमजाला तेथूनच सुरुवात होते. ही सवलत कर्ज घेतल्याबद्दल मिळत नाही. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ असे स्वतंत्र शीर्षक आहे. त्यातील कलम २२ प्रमाणे घराचे वार्षिक मूल्य त्या घराच्या मालकाच्या हाती करपात्र ठरते, आणि त्या मूल्यातून काय वजा करायचे ते कलम २४ सांगते. स्वतः राहत असलेल्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरतात, त्यातून २४(बी) खालील व्याज वजा केले की उत्तर उणे येते, आणि हा उणे आकडा जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंत पगाराशी जुळवून घेता येतो. ज्याच्या नावे घराचे उत्पन्नच मोजले जात नाही, त्याने व्याज वजा करायचे ते कशातून? मुद्दलाचेही तेच. ८०सीमध्ये परतफेडीची वजावट ज्या घराचे उत्पन्न करदात्याच्या स्वतःच्या हाती करपात्र आहे, अशा घरापुरतीच ठेवलेली आहे. म्हणजे दोन्ही वजावटी हव्या असतील तर मालकी, कर्जातील नाव आणि प्रत्यक्ष भरणा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे जुळाव्या लागतात. तुमच्याकडे शेवटच्या दोन आहेत, पहिली नाही. लेखा विभागाचा निर्णय बरोबर आहे.

मालकी म्हणजे केवळ नोंदणीकृत दस्तच असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पोदार सिमेंट प्रकरणात, या शीर्षकापुरता मालक म्हणजे घरापासूनचे उत्पन्न स्वतःच्या हक्काने घेऊ शकणारा माणूस, असा व्यापक अर्थ लावला. परंतु त्या प्रकरणात पैसे देऊन ताबा घेतलेला आणि फक्त दस्त व्हायचा राहिलेला खरेदीदार होता. तुमच्या बाबतीत दस्त झालेला आहे आणि तो वडिलांच्या नावाने झाला आहे, तेव्हा त्या निकालाचा आधार घेण्याच्या भरीस पडू नये.

‘मी आई-वडिलांसाठीच तर भरतो’ हा युक्तिवाद माणूस म्हणून मला पटतो, पण कायद्याची रचना पाहिली की तो टिकत नाही. आई-वडिलांवरील खर्चाची वजावट जेथे द्यायची होती तेथे कायद्याने तसे शब्द लिहिले आहेत. ८०डी मध्ये आई-वडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता मुलाने भरला तर मुलाला वजावट मिळते, आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर तिची मर्यादा ५०,००० रुपये आहे. उलट ८०सीमधील आयुर्विम्यात पती, पत्नी आणि मुले आहेत, आई-वडील नाहीत. २४(बी) मध्ये तर कोणत्याच नातेवाइकाचा उल्लेख नाही. तेथे फक्त घर आणि त्याचा मालक.

मग वजावट जाते कुठे, तर वडिलांकडे. २४(बी) मध्ये ‘देय’ व्याज असा शब्द असल्याने पैसे कोणत्या खात्यातून गेले यावरून वडिलांचा व्याजाचा हक्क बुडत नाही. ८०सीमध्ये मात्र करदात्याने स्वतः भरलेली रक्कम लागते. म्हणून कागदपत्रांची स्वच्छता हवी असेल तर तुम्ही पैसे वडिलांच्या खात्यात जमा करावेत आणि हप्ता तेथून जाऊ द्यावा. मुलाने वडिलांना दिलेली रक्कम नातेवाइकाकडून मिळालेली भेट असल्याने कलम ५६(२)(एक्स) खाली करमुक्त आहे, आणि वडिलांच्या बाबतीत उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूदही लागू होत नाही. दुर्दैव एवढेच, की ४ लाख ५६ हजारांच्या निवृत्तिवेतनावर वडिलांना दोन्ही पद्धतींत शून्य कर आहे. ज्याला वजावट मिळते त्याला ती नको आहे.

मुलुंडची_वाचक

याच विषयात माझाही प्रश्न आहे. फ्लॅट एकट्या पतींच्या नावावर आहे, कर्ज दोघांच्या नावावर आहे आणि निम्मा हप्ता मी भरते. पतींनी अर्धा हिस्सा मला बक्षीसपत्राने दिला, तर पुढच्या वर्षापासून मी निम्म्या व्याजाचा दावा करू शकेन का? महाराष्ट्रात पती-पत्नींमधील बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे असे वाचले.

सनदी_लेखापाल_सातारा

ताई, मुद्रांक शुल्काची माहिती बरोबर आहे. राहत्या घराचे बक्षीसपत्र पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांच्या नावे केले तर शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागू असेल तेथे तो वेगळा. परंतु मुद्रांक शुल्काचा कायदा वेगळा आणि प्राप्तिकराचा वेगळा. पुरेसा मोबदला न घेता पतीने पत्नीला घर दिले, तर कलम २७ प्रमाणे प्राप्तिकरापुरता पतीच त्या घराचा ‘मानीव मालक’ (कायद्याने मानलेला मालक) राहतो. म्हणजे सतरा हेलपाटे घालून, दस्त नोंदवून, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर नाव चढवूनही तुम्ही व्याज मागायला गेलात तर मालक म्हणून तुमचे नाव येणार नाही. घर घेतानाच दोघांची नावे करारनाम्यात घातली असती आणि तुमचा हिस्सा तुमच्या पैशातून असता, तर तुम्हा दोघांनाही प्रत्येकी २ लाखांपर्यंत स्वतंत्र मर्यादा मिळाली असती. ही मर्यादा घराला नसून प्रत्येक सहमालकाला असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आता पुरेसा मोबदला देऊन हिस्सा विकत घेणे हा मार्ग उरतो, पण त्यात बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत लागणार नाही आणि पतींना भांडवली नफ्याचा प्रश्न येईल.

मुलाला दिलेल्या घराच्या बाबतीत मात्र कलम २७ ची ही अडचण फक्त अज्ञान (अठरा वर्षांखालील) अपत्यापुरती आहे. सज्ञान मुलगा खराखुरा मालक होतो.

घाटमाथा

हे मी प्रत्यक्ष केले आहे, म्हणून अनुभव लिहितो. वडिलांनी २०२२ मध्ये मला घराचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने दिला. दस्ताला लागला एक दिवस, पण बँकेचा ना-हरकत दाखला मिळायला अडीच महिने लागले, कारण घर त्यांच्याकडे गहाण आहे आणि मालकी बदलते म्हटल्यावर त्यांच्या विधी विभागाने सगळी फाइल पुन्हा उघडली. त्यानंतर सोसायटीत हस्तांतराचा अर्ज आणि समितीचा ठराव. हे सगळे झाले; पण दस्त झाल्याचे माझ्या धाकट्या बहिणीला सोसायटीच्या सूचना फलकावरून समजले आणि ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते कोणालाही देऊ शकतात हे ती जाणते, तिचे म्हणणे एवढेच होते की आधी सांगायला हवे होते, आणि ते खरे होते. तेव्हापासून मी निम्म्या व्याजाचा दावा करतो. आतापर्यंत काही अडचण आलेली नाही.

सनदी_लेखापाल_सातारा

घाटमाथा, अडचण आलेली नाही याचा अर्थ येणार नाही असा होत नाही, म्हणून एक शंका नोंदवून ठेवतो. २४(बी) मध्ये घर ‘कर्जाऊ भांडवलातून’ संपादन केलेले, बांधलेले किंवा दुरुस्त केलेले असावे लागते. तुम्ही तुमचा हिस्सा भेट म्हणून मिळवलात, कर्जातून नव्हे, असा आक्षेप अधिकारी घेऊ शकतो. तुम्ही पहिल्यापासून सहकर्जदार होतात, त्याच कर्जातून हे घर आले आणि त्या कर्जाचा बोजा अंगावर घेऊनच हिस्सा मिळाला, असे उत्तर देता येते आणि ते अगदीच दुबळे नाही. पण येथे मतभेदाला जागा आहे. बक्षीसपत्रात ‘हिस्सा कर्जाच्या बोजासह स्वीकारला’ असे वाक्य आहे का, ते एकदा पाहून घ्या. शिवाय आता विवरणपत्रात व्याजाचा दावा करताना कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक कर्ज भरावे लागते, त्यामुळे दस्ताची तारीख आणि कर्जाची तारीख यांतील अंतर पूर्वीपेक्षा सहज नजरेस येते.

गोदाकाठ, तुम्हाला बक्षीसपत्राच्या वाटेला जायचे असेल तर त्याआधी साधे गणित करून पाहा. समजा, तुम्ही यंदा मालक आहात आणि २ लाख व्याज मान्य झाले. १६ लाखांतून घरभाडे भत्त्याचे १,५२,०००, प्रमाण वजावटीचे ५०,०००, ८०सीचे १,५०,०००, व्याजाचे २,००,००० आणि तुमच्या स्वतःच्या आरोग्यविम्याचे २५,००० वजा केले की करपात्र उत्पन्न १०,२३,००० राहते. त्यावरचा कर उपकरासह १,२४,१७६ रुपये. नव्या पद्धतीत फक्त ७५,००० ची प्रमाण वजावट मिळते, उत्पन्न १५,२५,००० धरले जाते, आणि तरीही कर उपकरासह १,१३,१०० रुपयेच होतो. म्हणजे ज्या वजावटीसाठी तुम्ही एवढे अस्वस्थ आहात ती पूर्णपणे मिळाली असती तरी जुनी पद्धत तुम्हाला अकरा हजारांनी महागच पडली असती. आई-वडील ज्येष्ठ नागरिक असून त्यांच्या विम्याचे पूर्ण ५०,००० तुम्ही भरत असाल, तर पारडे जुन्या पद्धतीकडे झुकते, पण किती, तर साधारण १,७०० रुपयांनी. तेवढ्यासाठी मी कोणालाही बक्षीसपत्राचा सल्ला देणार नाही.

आज तर व्याज मिळतच नाही, तेव्हा यंदा नवी पद्धतच घ्या. कंपनीत जुनी निवडली असली तरी पगारदार माणसाला विवरणपत्र भरताना ती बदलता येते. जास्तीचा कापलेला कर परत मिळेल. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची आणि ८०सीची वजावट नव्या पद्धतीत नाहीच, त्यामुळे हा सगळा वाद त्या पद्धतीत संपतो. एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू होत असल्याने पुढील वर्षापासून कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील, तेव्हा जुने लेख वाचताना गोंधळू नका.

आता जे तुम्ही विचारले नाही त्याविषयी, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे. २०२३-२४ मध्ये घेतलेली २ लाखांची वजावट तुम्हाला देय नव्हती. कंपनीने ती मान्य केली होती याने जबाबदारी कंपनीकडे जात नाही. विवरणपत्रावर सही तुमची आहे. तुमचा त्या वर्षीचा पगार किती होता?

गोदाकाठ

१४ लाख ५० हजार. इतर वजावटी धरून करपात्र उत्पन्न साडेदहा लाख दाखवले होते.

सनदी_लेखापाल_सातारा

मग वजावटीचे २ लाख उत्पन्नात पुन्हा जोडले की ते साडेबारा लाख होते. ती पूर्ण रक्कम ३० टक्क्यांच्या टप्प्यात पडते, म्हणून उपकरासह ६२,४०० रुपये कर आणि त्यावर व्याज. यासाठी अद्ययावत विवरणपत्र (आधीच्या विवरणपत्रातील चूक सुधारून नंतर भरायचे) भरता येते. त्या वर्षाचे करनिर्धारण वर्ष (कर आकारणीचे, म्हणजे लगेच पुढचे वर्ष) २०२४-२५ असल्याने ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलेत तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा द्यावे लागतील; एक दिवस उशीर झाला तर तेच ५० टक्के होतील. विभागाने स्वतः शोधून काढले तर दंड कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्क्यांपर्यंत जातो. वडिलांच्या नावाचा इंडेक्स टू हातात असताना स्वतःला मालक दाखवणे हे कोणत्या बाजूला पडेल, यावर वाद घालत बसण्यापेक्षा मार्चच्या आत भरून टाकलेले बरे.

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. खरे सांगायचे तर वजावट मिळवण्यासाठी आलो होतो आणि कर भरायला निघालो आहे. आज वडिलांशी फोनवर बोललो. बक्षीसपत्राचा विषय त्यांनीच काढला होता, कारण मी एवढे पैसे भरून माझ्या नावावर काहीच नाही याचे त्यांना वाईट वाटते. त्यांना सांगितले, की करासाठी तरी त्याची गरज नाही आणि इतर कारणासाठी करायचे असेल तर आधी माझ्या थोरल्या बहिणीला सांगून करू. पुढील महिन्यापासून हप्त्याची रक्कम पाच तारखेला त्यांच्या खात्यात टाकणार आहे आणि कर्जाची स्वयंचलित वजावट त्यांच्या खात्यावर वळवण्याचा अर्ज बँकेला दिला आहे. एकच शंका उरली आहे : अद्ययावत विवरणपत्रासाठी बँकेचे जुने प्रमाणपत्र पुन्हा लागेल का?

सनदी_लेखापाल_सातारा

नाही. आपण वजावट मागे घेत आहोत, मागत नाही. मूळ विवरणपत्राची प्रत आणि त्या वर्षाचा फॉर्म १६ काढून ठेवा, कर आधी भरा, चलनाचा क्रमांक टिपून घ्या आणि मगच विवरणपत्र भरायला बसा.